छेद चुकला होता

तिनं नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्याला सहा महिने झाले होते. ती आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, कामाला कमी नाही. रोज रात्र होते. मग पैसे जातात कुठे?"

ती माझी जुनी सहकारी. आम्ही एकाच डिझाइन स्टुडिओत होतो. मी तिच्या बरीच वर्षं आधी बाहेर पडले आणि फ्रीलान्सिंगमधले बहुतेक खड्डे स्वतः पडून मोजले. तिचं मुख्य काम पॅकेजिंग आणि छापील लेआउट. हात स्वच्छ, वेग चांगला. छपाईवाल्याकडून तिची फाइल परत आल्याचं मला आठवत नाही. म्हणजे प्रश्न दर्जाचा नव्हता, आणि गिऱ्हाइकांचाही नव्हता. पाच क्लायंट नियमित काम देत होते. तरी घरखर्च बचतीतून चालला होता. हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहितेय. अट एकच: नाव नको आणि खऱ्या रकमा नकोत.

म्हणून मापाचं आधी सांगते. नोकरीत तिला एका तासाला जे मिळायचं त्याला मी 1 म्हणणार आहे. हिशोब असा: आठवड्याला 40 तास, 52 आठवडे, म्हणजे वर्षाला 2080 तास; कर कापण्यापूर्वीच्या वार्षिक पगाराला त्यानं भागलं. त्यामुळे तिचा वर्षाचा पगार 2080 आणि सहा महिन्यांचा 1040. चलन कुठलंही घाला, गुणोत्तरं तीच राहतात. आणि खरं सांगायचं तर असंच मोजलेलं बरं. रक्कम दिसली की माणूस लगेच "इतके कोण देतं?" म्हणतो आणि गणित तिथंच थांबतं.

तिनं दर कसा ठरवला होता

नोकरी सोडण्याच्या आदल्या आठवड्यात, कॅल्क्युलेटरवर, पाच मिनिटांत. पगार भागिले तास, आले 1. त्यावर पाव भाग चढवला, 1.25. "मला वाटलं, स्वतःला पंचवीस टक्के पगारवाढ दिली," ती म्हणाली. मग ओळखीतल्या दोघांना त्यांचे दर विचारले. एकाचा जवळपास तेवढाच निघाला, दुसऱ्याचा थोडा जास्त. तिला हायसं वाटलं.

हे हायसं वाटणं मला नेहमी धोक्याचं वाटतं. दुसऱ्याच्या दरावरून बाजाराला काय सोसतं ते थोडंफार कळतं, आपल्याला काय परवडतं ते कळत नाही. त्यातून त्या दोघांनी आपापले दर कुठून आणले होते? त्यांनीही कुणाला तरी विचारूनच. रांगेत पुढच्याच्या पाठीकडे बघत सगळे चाललेत, आणि पहिला कुठे निघालाय ते कुणालाच ठाऊक नाही.

सहा महिन्यांत तिनं बिलं केली 456 तासांची. गुणिले 1.25, म्हणजे 570. सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, फॉन्ट, हिशोबनीस, वीज असे खर्च झाले 130. उरले 440. पगार असता तर 1040 आले असते. शिवाय त्या 570 पैकी 70 अजून येणंच होतं. वसुली हा वेगळा रोग आहे, त्याची दराशी गल्लत नको, म्हणून तो इथं बाजूला ठेवते. त्यावर एवढंच केलं, की कामाआधी चाळीस टक्के ॲडव्हान्स घ्यायला सुरुवात केली.

"पण मी तर दिवसाला आठ-नऊ तास काम करतेय," ती म्हणत राहिली. मी विचारलं, "बिलात किती लावतेस?" बिलं चाळली. सहा महिन्यांतले दोन आठवडे आजारपणात आणि सुट्टीत गेले होते, उरले 24. 456 भागिले 24. आठवड्याला 19 तास.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

चार आठवड्यांची नोंद

उरलेला वेळ कुठे जातो हे आठवून सांगता येत नाही. आठवायला गेलं की माणूस मोठी कामं सांगतो. फोन, "एक मिनिट बघ ना", फाइल शोधणं, हे सगळं स्मरणातून गळतं. म्हणून दराला हात न लावता पुढचे चार आठवडे नुसती नोंद करायची ठरवली. टॉगल, क्लॉकिफाय अशी ॲप आहेत. तिनं दोन दिवस वापरून बघितली, पण बटण दाबायलाच विसरायची. शेवटी टेबलावर वही आणि दर अर्ध्या तासाला एक ओळ. ते टिकलं.

चार आठवड्यांत 184 तास भरले, म्हणजे आठवड्याला 46. त्यातले बिलात गेले 76, पुन्हा बरोबर 19 ची सरासरी. राहिले 108 तास. त्यांची फोड तिनं स्वतः केली. क्लायंटशी बोलणं, म्हणजे फोन, बैठका, मेसेज, मेल, यात 31 तास. बिल न लावलेली करेक्शन्स 26. कोटेशन आणि प्रस्ताव 19, आणि त्यातले निम्मे पुढे सरकलेच नाहीत. बिलं करणं, पैशांसाठी पाठपुरावा, हिशोब यात 9. फाइली लावणं, बॅकअप, अपडेट, फॉन्ट शोधणं यात 11. स्वतःचा पोर्टफोलिओ आणि नवीन काही शिकणं 12.

ही नोंद धरून मागच्या सहा महिन्यांकडे पाहिलं तर चित्र असं: 24 आठवडे गुणिले 46, म्हणजे 1104 तास काम. हाती उरले 440. तासाला 0.40. पगारवाढ दिली असं समजून तिनं स्वतःचा पगार निम्म्याहून खाली आणला होता.

आता इथं बहुतेक जण म्हणतात, दर वाढव. बरोबर आहे, पण किती वाढव? आणि कशामुळे? दर म्हणजे शेवटी एक अपूर्णांक. वर अंश: वर्षाला मला किती हवेत. खाली छेद: किती तास विकले जाणार. तिनं अंशाचा विचार केला होता, थोडा अपुरा, पण केला होता. छेदात मात्र तिनं नोकरीतले तास जसेच्या तसे उचलून ठेवले. नोकरीत बैठकीला बसलं तरी पगार चालू असतो, कॉम्प्युटर अपडेट होत असताना चालू असतो, आजारी पडलं तरी चालू असतो. तिथं कामाचा तास आणि पैशाचा तास एकच. बाहेर पडलं की हे दोन तास वेगळे होतात आणि कुणी ते वेगळे झाल्याचं कळवत नाही.

दिलेले तास आणि गेलेले तास

108 तासांच्या फोडीवर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. माझ्या मते या प्रकरणाचा जीव तिथंच आहे.

काही तास विकताच येत नाहीत. कोटेशन बनवणं, हिशोब, बॅकअप, शिकणं. हा धंदा चालवण्याचा खर्च आहे. क्लायंट कुणीही असो, तो होणारच. पण क्लायंटशी बोलण्यातले 31 तास? ते त्याच क्लायंटच्या त्याच कामाचे होते. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला नेमकं काय हवंय ते, नीट समजून घेतल्याशिवाय लेबल बनत नाही. स्टुडिओत असताना आमचे तेच तास क्लायंटच्या बिलात धरलेले असायचे; आम्हाला फक्त ते दिसत नव्हते, कारण कोटेशन दुसरं कुणी करायचं.

करेक्शन्सचे 26 तास आणखी गुंतागुंतीचे. ती म्हणाली, "सगळीच करेक्शन्स त्यांची नव्हती. काही चुका माझ्याच." बरोबर. म्हणून वहीतली एकेक ओळ घेतली. एका खोक्यावर ब्लीड, म्हणजे कापताना लागणारी कडेबाहेरची जास्तीची छपाई, ठेवायचं राहिलं होतं, एका ठिकाणी वजनाचा आकडा जुन्या फाइलमधून तसाच आला होता, अशा तिच्या चुकांचे झाले 5 तास. ते कधीच बिलात जाऊ नयेत. उरलेले 21 तास मात्र "आमच्या साहेबांना हिरवा नको वाटतोय", "मजकूर थोडा बदललाय", "आधीचंच बरं होतं" या जातीचे. ते तिनं फुकट दिले होते.

का दिले? तिचं उत्तर मला पाठ आहे, कारण एके काळी माझंही तेच होतं: "दहा मिनिटांचं तर काम. त्याचं काय बिल लावायचं?" दहा मिनिटांचं काम खरं, पण फाइल उघडायची, आधीची आवृत्ती कुठली ते बघायचं, बदल करायचा, पीडीएफ काढायची, पाठवायची, उत्तराची वाट बघायची आणि मग हातातल्या कामाचा तुटलेला धागा पुन्हा पकडायचा. वहीत ही "दहा मिनिटं" सरासरी अर्ध्या तासाच्या वर निघाली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

तर 108 मधले 52 तास (31 आणि 21) तिनं देऊन टाकलेले होते आणि 56 खरोखरच न विकता येणारे. हा फरक कळल्याशिवाय दराचं गणित मांडण्यात अर्थ नव्हता. देऊन टाकलेले तास भरून काढायला दर वाढवला, तर नीट वागणारे क्लायंट घोळ घालणाऱ्यांचा खर्च उचलतात.

अंश

वर्षाला किती हवेत? पगाराइतके 2080, हे तिनं आधीच धरलं होतं. जे धरलं नव्हतं ते असं: नोकरीत कंपनी निवृत्तीसाठी आणि विम्यासाठी काही भरत होती, ते आता स्वतः भरायचं, 260. चालू खर्च वर्षाचे 260. कॉम्प्युटर आणि मॉनिटर चार वर्षांत बदलावे लागतील, त्याचा वर्षाचा वाटा 60. मंदीच्या महिन्यांसाठी बाजूला टाकायचे 140. बेरीज 2800.

खर्चाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की पुढची काही वर्षं त्याचा विचार करायचा नाही, असा काळ होता. 2013 मध्ये डिझाइनची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ॲडोबीनं पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर देण्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून आपल्या धंद्यातलं मुख्य हत्यार भाड्याचं झालं. काम नसलेल्या महिन्यातही भाडं चालूच. फॉन्टचंही तसंच: छपाईसाठीचा परवाना वेगळा, वेबसाइटसाठी वेगळा, ॲपसाठी आणखी वेगळा. कुठला परवाना क्लायंटनं घ्यायचा आणि कुठला आपण, हे कोटेशनमध्ये लिहिलं नाही तर तो गुपचूप आपल्या 260 मध्ये येऊन बसतो.

पगार करापूर्वीचा धरलाय, त्यामुळे प्राप्तिकर वेगळा मिळवलेला नाही. क्लायंटकडून गोळा करून सरकारला भरायचा कर लागू असेल तर तो दराच्या बाहेर, बिलाच्या तळाशी. तो आपला पैसाच नाही.

छेद

52 आठवड्यांतून सुट्टीचे 4, आजारपणाचे 2, सणवार आणि इतर बंद दिवसांचे मिळून 2 वजा केले. राहिले 44. आठवड्याला 46 तास तिला नको होते, 40 बस. वर्षाला 1760 तास काम. यातले विकले किती जाणार?

आहे तसंच चाललं, तर नोंदीप्रमाणे 41.3 टक्के, म्हणजे 727 तास. 2800 भागिले 727, दर 3.85.

"तिप्पट?" ती हसलीच. "असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी फोन बंद होईल."

देऊन टाकलेले 52 तास सगळेच्या सगळे बिलात आले तर 184 पैकी 128, म्हणजे सुमारे 70 टक्के. 1232 तास. दर 2.27.

इथं ती सरसावून बसली. अंशातला एक पैसाही बदलला नव्हता. तिच्या गरजा त्याच, खर्च तेच, कौशल्य तेच, आणि तरी दर 3.85 वरून 2.27 वर आला होता. पुढं तिनं स्वतःच करून बघितलं: चालू खर्चात दहा टक्के काटकसर केली तर वर्षाचे 26 वाचतात आणि दर जेमतेम 0.02 नं उतरतो. आठवड्याला एक तास जास्त विकला गेला तर तो 0.08 नं उतरतो. चौपट फरक. सहा महिने ती स्वस्त फॉन्ट शोधत बसली होती, आणि त्या शोधण्यातच तास जात होते.

70 टक्के मी धरू दिले नाहीत. मागू ते सगळं मिळत नाही. दर वाढला की काही काम कमी होतं, नवीन क्लायंट शोधायला वेळ लागतो, आणि वर्षभर दर आठवडा 28 तास बिलाचे निघणं मी एकट्यानं काम करणाऱ्यांमध्ये फार कमी पाहिलंय. 60 टक्क्यांवर थांबलो. 1056 तास. दर 2.65.

हा तळ. याच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम कुठून तरी भरून काढावं लागणार. नवीन क्लायंटला 3 सांगायचं ठरलं, कारण घासाघीस होतेच. घासाघीस नाही झाली, तर अंदाज चुकल्यावर वापरायला तेवढी जागा राहते. मी 3.25 म्हणत होते, ती 2.65 च म्हणत होती. 3 ला तह झाला.

तास सांगायचा की काम?

तळ हातात आल्यावर तिनं स्वाभाविक प्रश्न विचारला: आता हा दर क्लायंटला सांगायचा का?

माझं मत असं, की तासाचा दर आधी स्वतःसाठी असतो. तो क्लायंटला दाखवायचाच असं नाही. 1971 मधली नायकेच्या खुणेची गोष्ट आपल्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते: कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं ती तासाला 2 डॉलर दरानं काढली आणि एकूण 35 डॉलरचं बिल केलं. ही गोष्ट "बिचारीला किती कमी दिले" अशा सुरात सांगतात. पण तेव्हा अमेरिकेतलं किमान वेतन तासाला 1.60 डॉलर होतं. विद्यार्थिनीच्या मानानं दर काही लुबाडणारा नव्हता. साडेसतरा तासांचा मोबदला तिला मिळाला. ती खूण पुढं कुठे कुठे वापरली जाणार, याचा मोबदला मात्र त्या मापात बसतच नव्हता. कंपनीनं 1983 मध्ये तिला शेअर दिले, म्हणजे तासांच्या बाहेरचं काहीतरी राहून गेलंय हे त्यांनाही पटलं असावं.

दुसरी अडचण रोजची आहे. तासावर बिल लावलं तर आपण जितके तरबेज होतो तितकी कमाई घटते. खोक्याची डाय-लाइन, म्हणजे कापायच्या आणि मोडायच्या रेषांचा आराखडा, लावायला तिला पूर्वी अर्धा दिवस लागायचा, आता एक तास. या कौशल्याची शिक्षा तिनंच का भोगायची?

म्हणून अशी वाटणी केली. जे काम दहादा केलंय, ज्याचा शेवट माहीत आहे, त्याला ठोक रक्कम: अंदाजे तास गुणिले दर, ब्रीफ आणि चर्चा धरून, करेक्शनच्या दोन फेऱ्या आत, तिसरीपासून तासानं. ज्याचा शेवट दिसत नाही, "आमच्या सोशल मीडियाचं जरा बघा" असलं, त्याला तासाचा दर आणि महिन्याची वरची मर्यादा. लोगो किंवा जे वर्षानुवर्षं वापरलं जाणार, त्यात वापराचे हक्क वेगळ्या ओळीत. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, दिली जाईल की नाही तेही तिथंच, नाहीतर काम संपल्यावर तेच भांडण.

पहिलंच ठोक काम आठ लेबलांच्या मालिकेचं होतं आणि त्यानं तिला चांगला हिसका दिला. अंदाज 30 तास, रक्कम 90, प्रत्यक्षात 42 तास. म्हणजे तासाला 2.14, तळाच्या खाली. वही बघितली: जास्तीचे 12 तास चित्र काढण्यात गेलेच नव्हते. घटकांचा मजकूर तुकड्या-तुकड्यानं येत राहिला आणि मध्येच बाटलीचा आकार बदलला. आता तिच्या कोटेशनमध्ये एक वाक्य असतं: अंतिम मजकूर आणि मापं पूर्ण आल्यावर काम सुरू होईल. करेक्शनच्या मर्यादेपेक्षा या वाक्यानं जास्त तास वाचवलेत.

जुन्या क्लायंटना सांगणं

नवीन लोकांचं सोपं असतं, त्यांना जुना दर माहीतच नसतो. जुन्या पाचांना दोन महिने आधी मेल गेला. तीन वाक्यांचा, माफीशिवाय. तिच्या पहिल्या मसुद्यात महागाई, वाढते खर्च, "आपला स्नेह असाच राहो" सगळं होतं. ते मी काढायला लावलं. आपले खर्च ही क्लायंटची जबाबदारी नाही, आणि कारणं दिली की ती खोडून काढता येतात. त्यांच्यासाठी पहिली पायरी 2.25 ठेवली. तळाच्या खाली आहे, माहीत होतं. पण 1.25 वरून एका उडीत 3 म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

एक क्लायंट गेला. सर्वात जास्त करेक्शन्स त्याचीच होती. त्याच्या जाण्यानं महिन्याला 10 तास सुटले आणि त्यातले बिलाचे जेमतेम 3 होते. तिघांनी मान्य केलं. पाचव्याचं शेवटी सांगते.

आता माझी चूक. बैठकांचे तास वसूल व्हावेत म्हणून ते बिलात स्वतंत्र ओळीत दाखव, असं मीच तिला सांगितलं होतं. सर्वात मोठ्या क्लायंटच्या पहिल्या बिलात "फोनवर चर्चा, अर्धा तास" अशा सात ओळी गेल्या. त्यांचा फोन आला: "मॅडम, आता तुमच्याशी बोलायचंही बिल?" पैसे त्यांनी दिले. पण पुढचा महिनाभर ते फोनच करेनात. अर्धवट ब्रीफ मेसेजवर यायचं, ती अंदाजानं काम करायची, आणि करेक्शन्स दुप्पट झाली. फोनचा अर्धा तास वाचला, कामाचे तीन गेले.

रक्कम त्यांना खटकली नव्हती, ती मोजदाद खटकली होती. तेव्हापासून चर्चा ठोक रकमेच्या आत. बदल्यात आठवड्याला एक ठरलेला फोन, मंगळवारी, मुद्दे आधी लिहून. चर्चेचे एकूण तास आपोआप उतरले.

पुढचे सहा महिने

22 आठवडे काम, आठवड्याला 40 तास, एकूण 880. विकले गेले 484, म्हणजे 55 टक्के. नवीन दरानं 168 तास, 2.25 नं 252 तास आणि 1.5 नं 64 तास. एकूण 1167. खर्च 167. उरले 1000. तासाला 1.14, पूर्वीच्या 0.40 च्या जागी, तेही आठवड्याला सहा तास कमी काम करून.

पण अजून गाडं पूर्ण रुळावर नाही. त्या 1000 मधून निवृत्तीचे आणि विम्याचे 130 काढले की 870 राहतात, आणि सहा महिन्यांचा पगार 1040 होता. लक्ष्य होतं सहा महिन्यांना 1400, आले 1167. 233 ची ही तूटही तिनंच फोडून आणली. आता तिला हे करायची सवय लागलीय. विकले गेलेले तास 528 च्या जागी 484 झाले, त्याचे 117. जुने क्लायंट 2.25 वर, त्याचे 101. नवीन क्लायंटकडून तळापेक्षा जास्त मिळाले, ते 59 उलट बाजूला. आणि 74 त्या 1.5 वाल्या 64 तासांचे.

ते 64 तास म्हणजे पाचवा क्लायंट, एक छोटं मासिक. त्यांनी सरळ सांगितलं होतं, दीडच्या वर आमच्याकडे नाहीत. पानं मात्र तिच्या मनासारखी लावू देतात, मथळ्याच्या अक्षरापासून सगळं. मी म्हटलं, "अगं, तुटीतला जवळजवळ तिसरा हिस्सा हा आहे. सोड." तिनं शीट माझ्याकडे वळवली. 64 तासांच्या त्या ओळीपुढे "हौस" असं लिहिलं होतं आणि त्यापुढे 74. पुढच्या वर्षाच्या पानावर ते तास तिनं छेदातून आधीच वजा केले होते, आणि त्यामुळे वर गेलेला नवा तळ खाली लिहिला होता. जुन्या तिघांना जाणाऱ्या मेलमध्ये या वेळी तोच आकडा होता.